कोयता आणि छेद

दिवाळी उलटली की बारडोलीच्या आसपास उसाच्या फडांच्या कडेला पडाव पडतात. बांबूच्या चार काठ्या, वर काळं नाहीतर निळं प्लास्टिक, आत तीन दगडांची चूल, एक पत्र्याची पेटी, पाण्याचा हंडा आणि साडीच्या झोळीत टांगलेलं तान्हं पोर. या पडावात माणसं किती, असं मुकादमाला विचारलं तर तो माणसांचा आकडा सांगत नाही. तो सांगतो, चाळीस कोयते. कोयता म्हणजे ऊस तोडणारा पुरुष आणि त्याच्या मागोमाग पाचट काढणारी, मोळी बांधणारी, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणारी बाई. दोघं मिळून एक. हाताखाली राबणारं आठ-दहा वर्षांचं पोर त्यात धरलेलंच असतं, पण वेगळं मोजलेलं नसतं. उचल कोयत्यावर मिळते, टन कोयत्याच्या नावावर चढतो, हंगामाअखेर हिशेबही कोयत्याचाच होतो. कारखान्याच्या कामाला एवढी मोजणी पुरते.

साथरोगशास्त्राला ती पुरत नाही. या शास्त्राचा पहिला धडा शाळेतल्या अपूर्णांकाचाच आहे: वर अंश, खाली छेद. दवाखान्यात आलेले, रक्त तपासून पक्के झालेले, दगावलेले हे सगळे अंशात. ज्या माणसांतून ते आले ती सगळी माणसं, धडधाकट असलेलीसुद्धा, छेदात. छेद ठाऊक नसेल तर शंभर रुग्ण म्हणजे साथ की नेहमीचाच पावसाळा, हे सांगता येत नाही. अंश बऱ्याचदा आपल्या पायांनी दवाखान्यात चालत येतो. छेद शोधायला मात्र कुणीतरी शिकून-सवरून गावात, शेतात, पडावात जावं लागतं. बारडोलीच्या परिसराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा आरोग्याचा इतिहास पाहिला तर तो या छेदाच्या शोधाचा इतिहास आहे, आणि तो मराठी वाचकाच्या घरचाही आहे. या फडांत राबणाऱ्यांतले कितीतरी जण धुळे-नंदुरबारकडून येतात. बारडोलीत ऊसतोड मजुराला नावच पडलं होतं, 'खानदेशी'.

खानदेश आणि बारडोली यांना जोडणारी रेल्वे जुनी आहे. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. बारडोली, मढी, व्यारा, सोनगड मागे टाकत ती नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावकडे जाते. नवापूरचं स्टेशन तर आज अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. तिथल्या एका बाकावर मधोमध रेघ मारून दोन्ही राज्यांची नावं लिहिली आहेत. त्या काळी या भागात आणखीही एक सरहद्द होती. बारडोली तालुका इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात, तर शेजारचे व्यारा, सोनगड, महुवा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात. एका गावचा मृत्यू मुंबई सरकारच्या वहीत नोंदला जाई, तर ओढ्यापलीकडच्या गावचा बडोद्याच्या वहीत. रोगाला ही सरहद्द कधीच कळली नाही.

मुंबई इलाख्यात पहिली पद्धतशीर शिरगणती १८७२ मध्ये झाली. त्याआधी मृत्यूंचे आकडे मिळत, पण ते कितींपैकी हे सांगायला हाताशी भरवशाचं काही नसे. शिरगणतीनं छेद दिला, आणि पंचवीस वर्षांत त्याची कसोटी लागली. २३ सप्टेंबर १८९६ या दिवशी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढचं सगळं मराठी माणसाला पाठ आहे: १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातल्या घरोघर झडत्या, रँडचा खून, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांचा १० मार्च १८९७ रोजी झालेला मृत्यू. पण याच धामधुमीत बडोद्याजवळच्या एका खेड्यात जे घडलं ते फारसं सांगितलं जात नाही. आज पदव्युत्तर वर्गात लसीची परिणामकारकता मोजायला जे शिकवतात, ते तिथे उघड्या अंगणात करून दाखवलं गेलं होतं.

त्या गावाचं नाव उंधेरा. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे टोचली गेली. टोचायची पद्धत महत्त्वाची होती. गावातल्या प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. म्हणजे छप्पर तेच, उंदीर तेच, दाणे तेच, फरक एवढा लसीचाच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला तिथे लस टोचलेली ७१ माणसं होती. त्यांतली ८ आजारी पडली, ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. त्यांतली २७ आजारी पडली आणि २६ गेली. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांची ही दोन ओळींतली नोंद आहे. आज कुठल्याही नीतिसमितीसमोर असा प्रयोग सहजासहजी मंजूर होणार नाही. पण आकडेमोड म्हणून ती बिनतोड होती, कारण वर अंश होता आणि खाली छेदही.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. लस मुंबईत तयार होऊ लागली, पण साथीचा अभ्यास शिकायची सोय देशात नव्हती. ज्याला हायजीनमध्ये पुढे शिकायचं असे तो बोटीत बसून विलायतेला जाई आणि डीपीएच ही पदविका घेऊन येई. गावपातळीवरची नोंद गुजरातेत तलाटी आणि पाटील यांच्या हाती राहिली. ताप आला आणि माणूस गेला, की रकान्यात 'ताप'. मलेरिया, विषमज्वर, प्लेग, काविळीचा ताप सगळे त्या एका शब्दात मावत.

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला तेव्हा या वह्यांचा पुरता बोजवारा उडाला. नोंदणारेच आजारी पडले. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं दगावली असा अंदाज आहे. सुरत जिल्ह्यात औषधं घेऊन खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या तरुणांत दयाळजी देसाई आणि कल्याणजी व कुंवरजी हे मेहता बंधू होते. पुढच्या दशकात बारडोलीचा सत्याग्रह ज्यांनी गावोगाव बांधला त्यांतली ही नावं. लोकांना ती आधी साथीच्या दिवसांत ओळखीची झाली होती.

त्याहून विलक्षण गोष्ट १९२२ ची आहे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार कोळ्यांत देवीच्या रोगाची माता शांत करायचा एक विधी सुरू झाला. तिथून तो डोंगरांत चढला, सुरगाणा, डांग, खानदेश असा फिरत त्या वर्षाच्या शेवटी बारडोली-वालोडच्या आदिवासी पाड्यांत पोचला. वाटेत देवी बदलत गेली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून ती सांगू लागली: दारू-ताडी सोडा, मटण-मासे सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, शौचाला गेलात की पाल्यानं नव्हे, पाण्यानं धुवा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो माणसांनी ते पाळलं. गोऱ्या सरकारच्या सॅनिटरी कमिशनरला वर्षानुवर्षं जे साधलं नव्हतं ते देवीच्या भयातून आणि भक्तीतून काही महिन्यांत झालं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं १९८७ मध्ये या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर ते असायला हवं. सवय का बदलते आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलते, याचं एवढं जिवंत उदाहरण या प्रदेशात दुसरं नाही.

मग १९२८. बारडोलीचं नाव ज्यासाठी घेतलं जातं तो सत्याग्रह शेतसाऱ्याचा होता, पण त्याच्या गाभ्याशी आकड्यांचा तंटा होता. सरकारनं साऱ्यात सुमारे २२ टक्के वाढ केली ती सेटलमेंटच्या अहवालातल्या खंडाच्या आकड्यांवर. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की ते आकडे गावात येऊन तपासलेलेच नाहीत. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली लढा झाला, तडजोड झाली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांना चौकशीला पाठवलं गेलं. महादेवभाई देसाई, नरहरी परीख, रामनारायण पाठक ही मंडळी लोकांच्या बाजूनं गावोगाव पुरावे गोळा करत होती. चौकशीचा निकाल आला तेव्हा वाढ ६.०३ टक्क्यांवर उतरली होती. टेबलावर बसून केलेली गणती शिवारात टिकली नाही. अभ्यासाच्या पद्धतीचा एवढा जाहीर विजय देशात क्वचितच झाला असेल.

तरी त्या चौकशीच्या छेदातही एक माणूस नव्हता. बारडोलीच्या पाटीदारांच्या शेतावर पिढ्यान्पिढ्या बांधील असलेला हाळी, दुबळा जमातीचा शेतमजूर, ज्याला पुढे गांधीजींनी हळपती हे नाव दिलं. साऱ्याचा वाद जमीनवाल्याचा होता. ज्याला जमीनच नव्हती त्याचा ताप, त्याच्या बायकोचं बाळंतपण, त्याच्या पोराची भूक कोणत्याच बाजूच्या पुराव्यात नव्हती.

१३ डिसेंबर १९४१ रोजी गांधीजी सेवाग्रामहून बारडोलीला निघाले होते. आगगाडीतच त्यांनी विधायक कार्यक्रमावरची छोटी पुस्तिका लिहिली. प्रस्तावनेखाली स्थळ म्हणून त्या प्रवासाचाच उल्लेख आहे. खादी, अस्पृश्यतानिवारण यांच्या बरोबरीनं ग्रामसफाई आणि आरोग्याचं शिक्षण ही त्यातली स्वतंत्र कलमं होती. पुढे हा धागा दोन्ही टोकांना वेगवेगळा विणला गेला. सेवाग्रामच्या टोकाला डॉ. सुशीला नय्यर उभ्या राहिल्या. गांधीजींच्या या डॉक्टर नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकल्या, केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाची मुलं आधी आश्रमात राहतात, मग अख्खी तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घरोघर जाऊन कुटुंबांची पाहणी करते. बारडोलीच्या टोकाला, म्हणजे सुरतेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झालं होतं.

मधल्या काळात देशात शिकण्याची दारं उघडली होती. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशानं कलकत्त्यात अखिल भारतीय हायजीन व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ च्या अखेरीस निघाली, आणि डीपीएचसाठी बोटीची गरज संपली. संस्थेनं १९३९ मध्ये सिंगूरला खेड्यांतलं आरोग्यकेंद्र काढलं, कारण नुसत्या वर्गात हा विषय शिकवता येत नाही हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९४६ च्या भोर समितीनं प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा विभाग हवा असं सांगितलं. त्यातून एमडी पीएसएम ही पदवी आली, आजची कम्युनिटी मेडिसिन. पण विभाग निघाला म्हणून मान मिळाला असं झालं नाही. कितीतरी वर्षं सर्जरी, मेडिसिन हुकलेल्यांनी तिकडे जायचं, असाच समज होता. महाराष्ट्रातल्या ज्या जोडप्यांनी हा समज मोडला ती शिकायला बाहेर जाऊन परत आलेली होती. रजनीकांत आणि मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्समधून १९७० मध्ये जामखेडला आले. अभय आणि राणी बंग तिथूनच १९८४ मध्ये एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर पदवीधर होऊन, पुढे गडचिरोलीला गेले. बंगांचा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि ते दिसू शकलं कारण जन्मलेलं आणि गेलेलं प्रत्येक मूल गावातच मोजलं होतं.

स्वातंत्र्यानंतरच्या या वर्षांत बारडोलीची जमीनही बदलत होती. काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात आणि उकाई धरण १९७२ मध्ये झालं. कालव्याचं पाणी आलं तसा ज्वारी-कापूस मागे हटला, भात आणि ऊस पुढे सरकले. बाबेनजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. मढी, चलथाण, सायण, महुवा, गणदेवी, सगळीकडे धुराडी दिसू लागली.

ऊस तोडायला शेजारचा हळपती असताना कारखान्यांनी माणसं आणली ती शंभर-दोनशे किलोमीटरवरून. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिण गुजरातेत येत होते. बारडोलीच्या ऊसतोडीवरचा त्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेला मजूर रात्री-अपरात्री बोलावला तरी येतो, मुकादमाच्या उचलीनं बांधलेला असतो, सहा महिने पडावात राहतो आणि तक्रार करायला त्याच्या ओळखीचं कुणी नसतं, हे त्यांनी उलगडून दाखवलं. गावचा हळपती त्याच काळात कामासाठी दुसरीकडे भटकत होता. ब्रेमन डॉक्टर नव्हते. पण कोयत्याला माणसांत मोजण्याची सुरुवात त्यांच्या वहीत झाली असं म्हणायला हरकत नाही.

या न मोजलेल्या माणसांची किंमत सप्टेंबर १९९४ मध्ये सगळ्या देशानं पाहिली.

आधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग दिसला. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष होत आलं होतं. पडक्या घरांत उरलेल्या धान्यावर उंदीर माजले, असा तेव्हा अनेकांचा कयास होता. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेच्या सरकारी इस्पितळात छातीच्या प्लेगचे संशयित रुग्ण येऊ लागले. वेड रोडच्या आसपासच्या दाट वस्त्यांतले, बरेचसे यंत्रमाग आणि हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे. पंधरा लाखांच्या शहरातून काही दिवसांत लाखो लोक निघून गेले. उधना स्टेशनवरून सुटणाऱ्या खानदेशच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबायत-उधन्याच्या मराठी वस्त्या ओस पडल्या. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले.

पण किती जणांना लागण झाली होती आणि कितींपैकी? झोपड्यांतली माणसं नोंदीत नव्हती, आणि जी होती ती आता धुळ्याला, जळगावला, ओडिशाला पोचली होती. रोग प्लेगच आहे का यावरही डॉक्टरांत वाद पेटला, डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीनं पुढे प्लेगचे जंतू असल्याचा निर्वाळा दिला. या साऱ्याचा सर्वांत नीट लेखाजोखा सुरतेच्या सेंटर फॉर सोशल स्टडीजच्या घनश्याम शाह यांनी १९९७ च्या पुस्तकात मांडला. याच शाहांनी १९७० च्या दशकात बारडोली सत्याग्रहाची समाजशास्त्रीय चिकित्सा केली होती, आणि ते पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक वैद्यकाच्या केंद्रात प्राध्यापक झाले. शेतसाऱ्यापासून साथीपर्यंत एका अभ्यासकानं जाणं हे या भूमीला साजेसंच होतं.

साथ ओसरल्यावर सुरत बदललं. मे १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा, गटारं, पाणी यांना हात घातला आणि शहरातल्या तापाच्या रोजच्या नोंदी होऊ लागल्या. देशभर रोग-देखरेखीची योजना १९९७ मध्ये आली, २००४ मध्ये तिचं एकात्मिक रूप झालं. आरोग्यसेविकेनं भरायचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी आणि प्रयोगशाळेचा एल अशी ती व्यवस्था. तलाटीच्या वहीतल्या 'ताप' या एका शब्दाचे शंभर वर्षांनी तीन कागद झाले.

हे कागद येण्याआधीच, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, दक्षिण गुजरातच्या नोंदींत एक नाव दर पावसाळ्यात येऊ लागलं होतं: लेप्टोस्पायरोसिस. आजचे सुरत, नवसारी, वलसाड, तापी हे जिल्हे; त्यांत महुवा, मांडवी, बारडोली हे तालुके. उंदीर, गाई-म्हशी यांच्या मुतातून हे जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरतात. जुलैत आवणीच्या दिवसांत बाया पोटऱ्यांइतक्या चिखलात सकाळपासून वाकलेल्या असतात. पाणी लागून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, टाचेला भेगा, नडग्यांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या बारीक रेघा. जंतूला तेवढी वाट पुरते. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. काहींना कावीळ होते, मूत्रपिंडं बसतात, फुप्फुसांत रक्तस्राव होऊन माणूस दोन-तीन दिवसांत जातो. गमबूट घाला असं सांगणाऱ्यांनी आवणीच्या वाफ्यात गमबूट घालून चार पावलं टाकून पाहावीत. चिखल बूट ओढून घेतो.

म्हणून आठवड्याला डॉक्सीसायक्लीनची एक मात्रा देण्याची मोहीम आली. तिचा आधार पनामात १९८२ मध्ये अमेरिकी सैनिकांवर झालेली चाचणी: एकूण ९४० जण, त्यांतल्या खरी गोळी घेतलेल्या निम्म्यांत एकाला रोग झाला, नकली गोळी घेतलेल्या निम्म्यांत वीस जणांना. पुन्हा अंश आणि छेद. उंधेऱ्याच्या अंगणातलीच रीत. सैनिकांची मात्र हजेरी रोज लागते. बारडोलीत गोळी कोणाला द्यायची याची यादी करायला बसलं की आज या बांधावर, उद्या त्या बांधावर जाणारी बाई यादीतून निसटते.

हा रोग मजुराचा आहे हे जगाला उसानंच शिकवलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या इंगहॅम भागात १९३०च्या दशकात ऊसतोड कामगार तापानं दगावू लागले. तोडणीआधी फड जाळला तर पाचटातले उंदीर आणि त्यांची घाण जळते, म्हणून आधी जाळा मग तोडा, ही मागणी घेऊन त्यांनी १९३५ मध्ये संप केला. तिथे मजुराकडे युनियन होती आणि युनियनकडे सभासदांची यादी. बारडोलीच्या पडावातल्या कोयत्याकडे ती नव्हती.

गंमत म्हणजे, आणि इथेच साथरोगशास्त्राची खरी मेहनत दिसते, बारडोलीत लेप्टोचा जोर जुलै ते ऑक्टोबर असतो आणि खानदेशी कोयते येतात त्यानंतर. पावसाळ्यातला रुग्ण बहुधा गावचा हळपती, चौधरी, गामीत असतो. हिवाळ्यात येणाऱ्या ऊसतोड्याचे आजार वेगळे: पाठ-कंबरेचं दुखणं, पोरांचा खोकला-जुलाब, अॅनिमिया, सिकलसेलचे झटके. एकाच फडावर सहा महिन्यांच्या अंतरानं दोन वेगळे समाज वेगळ्या दुखण्यांनी हैराण असतात. जिल्ह्याचा वार्षिक आकडा दोघांना एका गठ्ठ्यात बांधतो.

हे वेगळं करायला आज शिकता येतं, आणि पूर्वीपेक्षा खूप जणांना. १९९७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं एमपीएच सुरू केलं. मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्रावर भर असलेलं एमपीएच निघालं, पुण्यात विद्यापीठात निघालं, सेवाग्रामला सुशीला नय्यरांच्या नावानं सार्वजनिक आरोग्याची शाळा झाली, गांधीनगरला २००८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आली आणि २०१५ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. डॉक्टरांसाठी कम्युनिटी मेडिसिनचं तीन वर्षांचं एमडी आहेच. पण एमपीएचच्या दोन वर्षांच्या वर्गात आता नर्स, दंतवैद्य, आयुर्वेदाचे पदवीधर, समाजकार्य आणि संख्याशास्त्र शिकलेली मुलंही बसतात, आणि हा बदल फार मोलाचा आहे. आदिवासी पाड्यातली, मावची किंवा अहिराणी बोलणारी मुलगी या वर्गात बसली तर पडावातल्या बायका तिच्याशी जे बोलतील ते दुसऱ्या कुणाशी बोलणार नाहीत.

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा २००१ पासूनचा उपयोजित साथरोगशास्त्राचा अभ्यासक्रम तर नोकरीतल्या डॉक्टरांसाठीच आखलेला. वर्ग थोडे, बाकीचा काळ आपल्याच जिल्ह्यात. साथ आली की तपासाला जायचं, आणि तो तपास हाच प्रबंध. अशा अभ्यासक्रमाचं सगळं मोल विद्यार्थी कुठे जातो यावर ठरतं.

कुणी गेलं की काय हाती लागतं, ते बीडनं दाखवलं आहे. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात अशा बातम्या कैक वर्षं येत होत्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि आरोग्यकर्मचाऱ्यांनी जिल्ह्यात पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरातल्या जवळजवळ सतरा. तोवर जी कुजबूज होती तिला एकदम वजन आलं, कारण पहिल्यांदाच त्या बायका कोयत्यातून सुटून एकेक मोजल्या गेल्या होत्या. नंदुरबारच्या ज्या बायका बारडोली, मढी, महुव्याच्या फडांवर येतात त्यांची अशी मोजणी कुणी करायची, गुजरातनं की महाराष्ट्रानं? दोन राज्यांच्या मधल्या या प्रश्नावर एखाद्या विद्यार्थ्यानं दोन वर्षं घालवली तर ती सत्कारणी लागतील.

साथीच्या तपासाचा पहिला कागद म्हणजे लाइन लिस्ट. आडवे रकाने: नाव, वय, स्त्री की पुरुष, काम, ताप कधी आला, पाण्यात कधी उतरली, कुठे दाखवलं, काय झालं. नाव आणि वय यांच्या शेजारी एक रकाना असतो, पत्त्याचा. फेब्रुवारीत पडावावर भरलेला पत्ता मे महिन्यात खोटा ठरतो, तोवर प्लास्टिक गुंडाळून, पेटी डोक्यावर घेऊन सगळे नवापूरच्या दिशेनं निघालेले असतात. म्हणून इथे तो रकाना आडवी रेघ मारून दुभागावा लागतो. वर फडाचं आणि गटाचं नाव, खाली धडगाव नाहीतर अक्कलकुव्याकडचा पाडा. आणि समासात मुकादमाचा फोन नंबर, कारण दुसऱ्यांदा रक्त घ्यायला जाताना ती बाई कुठल्या शिवारात असेल हे त्यालाच ठाऊक असतं.